अपार आयडी आणि एका आईचा प्रश्न

मुलुंडच्या आमच्या शाळेतली पालकसभा. सहामाहीचे पेपर दाखवून झाले आणि मी 'अपार'ची संमतीपत्रं वाटायला घेतली. मागच्या बाकावरून एका आईने विचारलं, "सर, सही नाही केली तर चालेल ना?" खरं सांगतो, मी पटकन "करून टाका हो ताई" असंच म्हणालो. किती अर्ज झाले हा आकडा रोज कळवायचा होता ना! घरी जाताना लोकलमध्ये मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना.

अपार म्हणजे विद्यार्थ्याला मिळणारा १२ अंकी कायमचा क्रमांक. तो आधारला जोडलेला असतो आणि गुणपत्रकं, प्रमाणपत्रं डिजिलॉकरमध्ये राहतात. सोय चांगलीच आहे. दाखल्यासाठी पालकांना माराव्या लागणाऱ्या खेपा मी पाहिल्यात. पण हा क्रमांक ऐच्छिक आहे, म्हणूनच तर संमतीपत्र! दिलेली संमती मागेही घेता येते.

आता जरा मागे जाऊ. २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. आधारचा कायदा झाला २०१६ ला! म्हणजे ठसे आधी घेतले, आणि ते कुणी, कशासाठी वापरायचे याचा कायदा नंतर आला. मधल्या काळात प्रश्न विचारले ते नागरिकांनी. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामी ऐंशी ओलांडल्यावर, २०१२ ला, सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार योजना टिकली, पण शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती नको आणि लहानपणी नोंदवलेल्या मुलांना १८ वर्षांचं झाल्यावर त्यातून बाहेर पडता यावं, असंही न्यायालयाने म्हटलं.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानेही संमती मोकळेपणाने आणि समजून दिलेली हवी असं म्हटलंय. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी ती पालकांनी द्यायची. (त्याच कायद्यात सरकारी यंत्रणांना बऱ्याच सवलती आहेत, ते मला खटकतं.) मग "करून टाका हो" म्हणून घेतलेली सही कोणत्या संमतीत बसते, तुम्हीच सांगा.

पुढच्या सभेत मी त्या ताईंना उत्तर दिलं, "चालेल. सही नाही केली म्हणून मुलाचं शिक्षण थांबणार नाही." त्यांनी कागद घरी नेला, वाचला आणि आठवड्याने सही करून आणला. दोन पालकांनी सही केली नाही. तो आकडाही मी तसाच कळवला.