हरणांचे कुरण कसे राखतात?

जंगलात गवत आपोआप उगवते. मग त्याची निगा राखायची कशाला, असे तुम्हांला वाटेल. पण गावाजवळचे एखादे पडीक शेत आठवा. पहिल्या वर्षी तेथे गवत आणि तरोटा माजतो. पुढे बोरी-बाभळीची झुडपे डोके वर काढतात आणि त्यांच्या सावलीत गवत खुरटते. मध्य प्रदेशातील कान्हा राष्ट्रीय उद्यानात अशी शेते पुष्कळ आहेत. तेथील काही गावे उद्यानाबाहेर हलविण्यात आली आणि त्यांच्या शेतांची कुरणे झाली. त्यांवर चितळ व बारशिंगे चरतात. ही कुरणे कुरणेच राहावीत यासाठी माणसाला राबावे लागते.

रोपट्याची वाढ मुख्यतः शेंड्याकडे होते. गवताचा वाढणारा भाग मात्र पानांच्या व पेरांच्या तळाशी, जमिनीलगत असतो. त्यामुळे वरचे पाते हरणाने खाल्ले तरी गवत पुन्हा वाढते. शेंडा खुडलेले रोपटे मागे पडते. चरणे आणि कापणे या दोन्ही गोष्टी गवताच्या पथ्यावर पडतात त्या यामुळेच. रोपटी मात्र नुसती छाटून भागत नाही. बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात, म्हणून ती मुळासकट उपटावी लागतात. तरोटा, रानतुळस यांसारखे तण तर बी धरण्यापूर्वीच काढले पाहिजे. एकदा बी जमिनीवर सांडले की पुढची कित्येक वर्षे तेच काम!

गवत भरपूर असले म्हणजे चारा भरपूर, असेही नाही. कोवळ्या पात्यात प्रथिने अधिक असतात. तुरा आल्यावर दांड्यात लिग्निन नावाचा कठीण पदार्थ साठतो. हरीण रवंथ करणारे आहे. त्याच्या जठरातील सूक्ष्मजीव सेल्युलोज पचवितात, पण लिग्निनपुढे त्यांचेही काही चालत नाही.

हरणांनी किती गवत खाल्ले हे मोजता येते. कुरणात 1 चौरस मीटरचा तारेचा पिंजरा ठेवावा. महिन्याने आतले आणि शेजारचे तेवढ्याच जागेतले गवत कापून, वाळवून तोलावे. (ओल्या गवतात बरेचसे वजन पाण्याचेच असते.) समजा, आत 300 ग्रॅम आणि बाहेर 180 ग्रॅम भरले, तर 120 ग्रॅम फस्त झाले. चरलेले गवत पुन्हा फुटते, तेव्हा हे उत्तर ढोबळच. पिंजरा दर महिन्याला नव्या जागी हलवावा. गावच्या गायरानात हा प्रयोग तुम्ही जरूर करा.

मग सगळे कुरण सरसकट कापून कोवळे ठेवावे काय? मुळीच नाही. बारशिंगा जवळजवळ केवळ गवतावर जगतो, पण त्याची मादी नवजात पिल्लाला उंच गवतातच दडवते. कान्ह्यात 1938 साली सुमारे 3000 बारशिंगे होते; 1970 साली उरले 66. शिकार आणि गुरांची चराई ही कारणे होतीच, शिवाय दरवर्षीच्या वणव्यांनी उंच गवताचा आडोसाही जाई. पुढे वणव्यांना आळा घातला, गुरे हटली, काही जनावरांना कुंपणाच्या आत संरक्षण दिले आणि त्यांची संख्या पुन्हा शेकड्यांत गेली. आता कुरणाचा एक पट्टा कापायचा तर शेजारचा उंच वाढू द्यायचा असतो. 2015 पासून कान्ह्यातील काही बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेण्यात आले. गावे हलल्यानंतर मोकळी झालेली कुरणे तेथेही आहेत.