नऊ दिवसांत सव्वा किलो

जुलैतल्या एका सोमवारी मी व्यायाम सुरू केला. पहाटे पवई तलावाच्या कडेने चार किलोमीटर झपझप चालायचं, परत आल्यावर लिफ्टकडे न बघता नऊ मजले जिन्याने चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे, आणि घरात शिरल्यावर चाळीस बैठका. जेवण होतं तेच ठेवलं. पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी काट्यावर उभी राहिले. ६८ किलोची मी ६९ किलो २५० ग्रॅमची झाले होते.

काटा सरकवून शेजारच्या लादीवर ठेवला. तिथेही तेच. शेजारच्या काकूंच्या कानावर घातलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, तुला हे मानवत नाही बहुतेक. सोडून दे. तब्येतीशी खेळू नये."

सोडलंच असतं. पण संध्याकाळी मेथी निवडताना डोक्यात एक हिशेब सुरू झाला. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. सव्वा किलो चरबी चढायची, तर नऊ दिवसांत साडेनऊ हजारांवर कॅलरी जादा पोटात जायला हव्यात. म्हणजे रोजच्या जेवणावर आणखी तीन-चार वडापाव, तेही नऊच्या नऊ दिवस. तसे खाल्ले असते तर मला आठवलं असतं! तेव्हा वाढली ती चरबी नव्हती, इतकं नक्की. मग माझ्या अंगात सव्वा किलोचं आलं तरी काय?

उत्तर शोधत गेले ती थेट १९६६ सालच्या स्टॉकहोममध्ये पोचले. योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हल्टमन हे दोन स्वीडिश डॉक्टर. स्नायूंमध्ये साखर कशी साठते हे त्यांना बघायचं होतं, आणि प्रयोगासाठी त्यांनी माणसं निवडली ती स्वतःच. एकच स्थिर सायकल मध्ये ठेवली. एक जण या बाजूला, दुसरा त्या बाजूला. दोघांनी एकेका पायाने पेडल मारायचं, अगदी पाय गळून जाईपर्यंत. दुसरा पाय नुसता. मग तीन दिवस विश्रांती आणि पिठूळ, गोड असं भरपूर खाणं. या दिवसांत दोन्ही मांड्यांत जाड सुई घालून स्नायूचे बारीक तुकडे काढायचे आणि त्यांतली साठवलेली साखर मोजायची. (स्वतःच्या मांडीत सुई टोचून घ्यायला दुसऱ्या पायाचीही सूट नाही, हे मला त्यातलं सर्वांत शूर काम वाटतं.)

निघालं ते असं. आराम केलेल्या पायातली साखर जरा इकडे तिकडे झाली, बस. दमलेल्या पायात मात्र ती तीन दिवसांत जवळजवळ दुप्पट झाली. माणूस एकच, रक्त तेच, ताटात वाढलेलं तेच, तरी एका पायाने साठा केला आणि दुसऱ्याने केला नाही. म्हणजे वरून कुठला हुकूम आला नव्हता. जो पाय दमला त्याचं त्यानेच ठरवलं, की पुन्हा असा प्रसंग आला तर तयारी हवी. त्यांचा हा निबंध 'नेचर'मध्ये छापून आला, आणि मॅरेथॉनच्या आदल्या दिवसांत धावपटू भात-पास्ता हाणतात त्याचं मूळ तिथे आहे.

या साठवलेल्या साखरेला ग्लायकोजेन म्हणतात. पोळी-भातातली साखर रक्तातून स्नायूत येते आणि तिथे तिची गुंफण होऊन ती पडून राहते. मोठ्या माणसाच्या स्नायूंत असं चारेकशे ग्रॅम ग्लायकोजेन असतं, यकृतात आणखी शंभरेक. पण स्नायू ते कोरडं ठेवत नाही. साबुदाणा कसा भिजला की पाणी धरून बसतो, तसं एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. आयुष्यभर खुर्चीत बसलेले पाय एकाएकी नऊ मजले चढायला लागले, त्यांनी समजा दीडशे ग्रॅम साठा वाढवला, तर पाण्यासकट झाले सहाशे ग्रॅम. माझा निम्मा हिशेब इथेच लागला.

पुढची भर रक्ताची. अंगात पाचेक लीटर रक्त असतं, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त म्हणजे प्लाझ्मा, पिवळसर पाणी. व्यायाम सुरू झाल्यावर काही दिवसांतच शरीर हे पाणी वाढवतं, सुमारे दहा टक्क्यांनी. मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जरा हात राखून सोडायला लागतात. कारण उघड आहे: स्नायूंनाही रक्त हवं आणि घाम काढायला त्वचेलाही हवं, एका हृदयाने दोघांना पुरवायचं तर माल जास्त लागणार. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो, त्यामुळे इथे ही गरज आणखी. गंमत अशी, की पाणी आधी वाढतं आणि तांबड्या पेशी नंतर, सावकाश. त्यामुळे या काळात तपासणी केली तर हिमोग्लोबिन जरा कमी दिसू शकतं. तांबड्या पेशी तेवढ्याच असतात, फक्त वरणात पाणी घातलेलं असतं.

तिसरी गोष्ट मला रिपोर्टशिवाय कळली होती. तिसऱ्या दिवशी मला जिना उतरता येईना. चढता येत होतं, उतरताना मात्र कठड्याला धरून, एकेका पायरीवर देवाचं नाव. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ओझं पेलतो, ब्रेक लावल्यासारखा, आणि सवय नसेल तर त्या ब्रेकनेच त्याचे बारीक धागे उसवतात. थिओडोर हफ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०२ मध्येच लिहून ठेवलं होतं, की व्यायामानंतर उशिरा येणारी ही दुखणी स्नायूतल्या अशा उसवण्याची असावीत. तरी आपल्याकडे अजून सगळे लॅक्टिक ॲसिडच्या नावाने बोटं मोडतात; ते बिचारं तासाभरात निघून गेलेलं असतं. उसवलेल्या जागी शरीर डागडुजीला माणसं पाठवतं, आणि त्यांच्याबरोबर पाणी. गुडघा आपटला की सुजतो ना, तशीच ही सूज, फक्त दोन्ही मांड्यांत पसरलेली, डोळ्यांना न दिसणारी.

आणि मीठ. सलाइनच्या बाटलीत लीटरला ९ ग्रॅम मीठ असतं, रक्ताच्या चवीला जुळणारं. म्हणजे अंगात एक ग्रॅम मीठ जादा राहिलं तर त्याच्यासोबत शंभर मिलिलीटरच्या वर पाणी राहणार. मंगळवारी रात्री आमच्याकडे खिचडी होती, आणि खिचडीबरोबर पापड, लोणचं, कुरडई. बुधवारी सकाळी मी वजन केलं! बायकांच्या बाबतीत पाळीच्या आधीचे दिवसही असतात, त्यांत किलोभर पाणी सहज येतं-जातं.

आता एका लाडक्या समजुतीबद्दल. जिममधले सर लोक अशा वेळी धीर देतात, "मॅडम, स्नायू वाढलाय." हेतू चांगला असतो, पण नऊ दिवसांत सव्वा किलो स्नायू कुणाचाही वाढत नाही. स्नायू बांधणं हे गवंडीकाम आहे, महिन्यांच्या हिशेबाने होतं. पहिल्या पंधरवड्यात वाढतं ते पाणी आणि साखर. ते पाणीही फुकटचं नाही, याच पाण्याच्या जोरावर तिसऱ्या आठवड्यात मला आधीसारखं सहाव्या मजल्यावर थांबावं लागलं नाही.

मग चरबीचं काय झालं? माझ्या वजनाच्या बाईला चार किलोमीटर चालून दोनशेच्या आसपास कॅलरी लागतात. नऊ दिवसांच्या अठराशे. म्हणजे चरबी जळली असलीच तर फार तर पाव किलो. वर सव्वा किलोहून जास्त पाणी चढलं, खाली पाव किलो चरबी गेली, आणि काट्याला दिसली ती फक्त बेरीज-वजाबाकी.

ती गेलेली चरबी जाते कुठे, हे कळलं तेव्हा तर मी चालता चालता उभीच राहिले. इटलीतल्या पादुआचे सांतोरिओ नावाचे वैद्य तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून तीसेक वर्षं स्वतःला तोलत राहिले. खाल्लेलं, प्यायलेलं, अंगाबाहेर टाकलेलं, सगळं मोजायचे. १६१४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं, त्यातली मुख्य गोष्ट ही, की शरीरातून जातं त्यातलं बरंचसं डोळ्यांना दिसतच नाही. त्यानंतर थेट चारशे वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चरबीचा जमाखर्च मांडला. दहा किलो चरबी जळली तर तिच्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. घामाने चरबी वितळत नाही, ती नाकातोंडातून निघून जाते! तलावाकाठी पहाटे धापा टाकत जाणारी माणसं दिसतात ना, ती आपली चरबी हवेत सोडत चाललेली असतात.

तलावाचं नाव निघालंच आहे, तर सांगते. ज्या आठवड्यात माझं वजन वाढलं, त्याच आठवड्यात पवई तलाव भरून वाहायला लागला होता. १८९१ मध्ये इंग्रजांनी हा तलाव मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला. पाणी पिण्यालायक राहिलं नाही, म्हणून आता ते कारखान्यांना आणि आरे वसाहतीला जातं. पोटात सुमारे ५४५ कोटी लीटर मावतं, वरचं मिठी नदीत उतरतं. तर भरलेला तलाव बघायला गर्दी होते, पण "बघा, गाळ किती वाढला" असं त्या गर्दीत कोणी म्हणत नाही. पाण्याची पातळी मोजायच्या पट्टीला तळातला गाळ कळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घरातला काटा ही तसलीच पट्टी, फक्त तिच्याकडून आपण गाळाचा जाब मागतो.

सगळ्यांत फसवं पुढे आहे. काकूंचं ऐकून मी त्या बुधवारी व्यायाम सोडला असता, तर आठवड्याभरात वजन उतरलंही असतं. मांड्यांची सूज जाते, प्लाझ्मा पूर्वीवर येतो, साखरेचा साठा हळूहळू कमी होतो. काटा खाली आला असता आणि काकू म्हणाल्या असत्या, "बघ, सांगितलं नव्हतं?" आणि मी मान डोलावली असती. कितीतरी माणसांचा व्यायाम असाच सुटला असेल, आणि प्रत्येकाकडे काट्याचा पुरावा असेल.

तेव्हा सुरुवात करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पहिले चार आठवडे काटा पलंगाखाली सरकवा. अगदीच राहवत नसेल तर सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा, आणि एका दिवसाचा आकडा न धरता आठवड्याची सरासरी काढा. शिवणाच्या डब्यातली टेप बेंबीच्या रेषेत लावून कंबर मोजा, ती पाण्याला कमी फसते. मात्र चार-पाच दिवसांत दोन-तीन किलो वाढून पायावर सूज आली, बोट दाबलं की खळगा राहायला लागला, निजल्यावर दम लागायला लागला, किंवा जोरदार व्यायामानंतर लघवी काळपट तपकिरी झाली, तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल, तर सुरुवातच त्यांना विचारून करा.

माझा आज दहावा आठवडा. टेप तीन सेंटिमीटर कमी दाखवते. काटा म्हणतो ६७ किलो ८०० ग्रॅम.