दावतीतले खेळ आणि शाळेतला अभ्यास

ईद असो, अकीका असो की कुणाचा वाढदिवस, पंधरा-वीस मुलं एका हॉलमध्ये जमली की घर डोक्यावर घेतात. मुंब्रा, भिवंडी, कल्याणमधल्या आपल्या छोट्या घरांत तर पाय ठेवायला जागा नसते. मग कुणीतरी मोबाईल हातात देतं आणि घर शांत होतं.

आमचं म्हणणं एवढंच आहे की मोबाईल देण्याआधी अर्धा तास खेळ घ्या. ऐकून घेणं, थांबणं, आकडे ओळखणं, शब्द पटकन सुचणं या गोष्टींवर मुलं शाळेत अडतात. त्यांचाच सराव या खेळांत होतो.

शिवाजी म्हणतो

"शिवाजी म्हणतो, हात वर!" म्हटलं की हात वर करायचे. नुसतं "हात वर!" म्हटलं तर हलायचं नाही. इथे मूल पूर्ण वाक्य ऐकायला आणि स्वतःला आवरायला शिकतं. परीक्षेत "चुकीचा पर्याय निवडा" असं विचारलेलं असताना घाईत बरोबर पर्यायावर खूण करणारी मुलं आपल्या घरातही असतात. त्यांना हाच सराव हवा असतो.

हाऊजी

हाऊजीच्या तिकिटावर ९० पर्यंतच्या आकड्यांपैकी १५ आकडे असतात. विशीचे एका उभ्या रांगेत, तिशीचे पुढच्या रांगेत. "एकोणतीस" ऐकलं की लहान मूल "तीस"वर अडकतं आणि तिशीच्या रांगेत शोधतं. उर्दू माध्यमातल्या मुलाचं "उनतीस" ऐकूनही तेच होतं. मराठी संख्यांची नावं मुलांना जड जातात म्हणून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक" अशी पद्धत आणली होती आणि त्यावर राज्यभर वाद झाला होता. तो वाद बाजूला ठेवू. आपण घरी आकडा आधी मराठीत, मग उर्दूत, मग इंग्रजीत पुकारू शकतो. मात्र पैसे लावून खेळायचं नाही. बक्षीस म्हणून खजूर किंवा पेन्सिल पुरे.

नाव, गाव, फळ, फूल

अक्षर "क" आलं की गाव कल्याण, "ड" आलं की डोंबिवली! यात शब्दसंपत्ती वाढते, शब्दाचा पहिला आवाज ओळखता येतो आणि भरभर लिहायची सवय होते. सगळ्यांपेक्षा वेगळा शब्द असेल तर १०, दोघांचा सारखा असेल तर ५ गुण. बेरीज मुलांनाच करू द्या.

संगीत खुर्ची, गाण्याशिवाय

ज्या घरात गाणी लावत नाहीत तिथे एकाने सहाचा पाढा म्हणावा, बाकीच्यांनी फिरता फिरता साथ द्यावी. तो मध्येच थांबला की बसायचं!

बाद झालेल्या मुलाचं काय?

इथे मोठ्यांची एक चूक होते. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज असते तेच मूल पहिल्या फेरीत बाद होतं आणि कोपऱ्यात बसतं. म्हणून "आऊट" करूच नका. चुकलं तर त्याने पुढचा हुकूम द्यावा, म्हणजे ते खेळातच राहील. लाजाळू मुलाला आधी खालाजानसोबत जोडीने खेळू द्या. आणि "बघ, तुझा भाऊ किती हुशार!" हे वाक्य त्या दिवशी तरी तोंडातून काढू नका.

हे नवं खूळ नाही

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गेलं. अनुताई वाघ त्यांच्या साथीला होत्या. महागडी साधनं नव्हती, म्हणून पानं, बिया, खडे घेऊन मुलं मोजायला शिकली. हा भाग आज पालघरमध्ये असला तरी २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता.

बाहेरचंही एक उदाहरण आहे. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी या अमेरिकेतल्या संशोधकांनी गरीब घरांतल्या लहान मुलांना १ ते १० आकड्यांच्या पट्टीवरचा सोपा खेळ दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी पंधराएक मिनिटं खेळायला दिला. २००८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की या मुलांची आकड्यांची समज चांगलीच सुधारली. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेला खेळ खेळलेल्या मुलांत तसा फरक पडला नाही. म्हणजे खेळात काय आहे, यालाही महत्त्व आहे.

अर्थात, खेळामुळे पुस्तक सुटत नाही. वाचायला बसावंच लागतं. पण आकड्याची आणि शब्दाची भीती गेलेलं मूल पुस्तकाकडे लवकर वळतं. पुढच्या दावतीत बिर्याणीला दम बसेपर्यंतचा वेळ मुलांना द्या. अब्बा आणि मामूंनीही खेळात उतरावं. आपल्या घरातली मोठी माणसंही चुकतात आणि हसतात, हे मुलांना दिसू द्या.