टर्बोचार्जित रोटरी इंजिनात नायट्रस ऑक्साईडचा वापर

टर्बोचार्जित रोटरी इंजिनात नायट्रस ऑक्साईडचा वापर ही मोटार शर्यतींत व हौशी यांत्रिक फेरबदलांत आढळणारी शक्तिवर्धनाची एक पद्धत आहे. इंजिनात हवेबरोबर नायट्रस ऑक्साईड सोडल्यास ज्वलनासाठी अधिक ऑक्सिजन उपलब्ध होतो व त्या प्रमाणात अधिक इंधन जाळता येते. जपानच्या मझदा कंपनीची आरएक्स-७ ही स्पोर्ट्स कार या प्रयोगाचे नेहमीचे उदाहरण होय. टर्बोचार्जर असलेल्या गाडीत या वायूचा मुख्य उपयोग कमाल शक्ती वाढवण्यापेक्षा टर्बोचार्जरला वेग येईपर्यंतची उणीव भरून काढण्यासाठी होतो. मात्र याच काळात इंजिनावरील ताणही सर्वाधिक असू शकतो.

पार्श्वभूमी

रोटरी इंजिनाची मूळ कल्पना जर्मन अभियंता फेलिक्स वांकेल यांची असून त्याचा पहिला नमुना १९५७ मध्ये एनएसयू या जर्मन कंपनीत चालवण्यात आला. मझदाने १९६१ मध्ये एनएसयूशी परवाना करार केला व १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही दोन रोटरांची गाडी बाजारात आणली. आरएक्स-७ चे उत्पादन १९७८ ते २००२ या काळात तीन पिढ्यांत झाले. १९९१ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीस, म्हणजेच एफडी मालिकेस, १३बी-आरईडब्ल्यू हे इंजिन होते. त्यात प्रत्येकी ६५४ घन सेंमी क्षमतेचे दोन रोटर, एकूण १,३०८ घन सेंमी क्षमता व ९.० संपीडन गुणोत्तर होते. जपानी बाजारात त्याची शक्ती सुरुवातीस २५५ व अखेरच्या काळात २८० मेट्रिक अश्वशक्ती होती.

नायट्रस ऑक्साईडचा शोध ब्रिटिश शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये लावला. इंजिनातील त्याचा लक्षणीय वापर दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने जीएम-१ या प्रणालीद्वारे केला. फार उंचीवर हवा विरळ होऊन विमानाचा सुपरचार्जर अपुरा पडू लागला की हा वायू सोडला जाई. दाबयंत्र जेथे कमी पडते तेथे नायट्रसने भर घालणे, हेच तत्त्व पुढे टर्बोचार्जित मोटारींतही वापरले गेले.

कार्यतत्त्व

नायट्रस ऑक्साईड स्वतः जळत नाही. ज्वलनकक्षातील उच्च तापमानाला त्याच्या रेणूचे विघटन होऊन नायट्रोजन व ऑक्सिजन वेगळे होतात आणि या विघटनातही उष्णता बाहेर पडते. वजनाच्या हिशेबाने हवेत सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, तर नायट्रस ऑक्साईडमध्ये तो सुमारे ३६ टक्के असतो. त्यामुळे एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते, तेथे नायट्रस ऑक्साईड सुमारे ९.५ किलोग्रॅम पुरतो.

दुसरा परिणाम थंडाव्याचा आहे. टाकीत हा पदार्थ दाबाखाली द्रवरूपात असतो. वातावरणीय दाबाला त्याचा उत्कलनबिंदू सुमारे उणे ८८ अंश सेल्सिअस असल्याने नळीतून बाहेर पडताच त्याचे बाष्पीभवन होते व तो आसपासच्या हवेतील उष्णता शोषून घेतो. टर्बोचार्जरने दाबल्यामुळे तापलेली हवा त्यामुळे थंड व दाट होते.

टर्बोचार्जरशी संबंध

टर्बोचार्जर इंजिनाच्या एक्झॉस्ट वायूंवर फिरतो. इंजिनाचा वेग कमी असताना हे वायू पुरेसे नसतात. त्यामुळे चालकाने थ्रॉटल दाबल्यावर दाब वाढण्यास काही अवधी लागतो. या विलंबास टर्बो लॅग म्हणतात. तो कमी करण्यासाठी एफडी मालिकेत क्रमाने कार्यरत होणारे दोन टर्बोचार्जर बसवण्यात आले होते. कमी वेगाला केवळ पहिला टर्बोचार्जर हवा पुरवी, तर मिनिटाला सुमारे ४,५०० फेऱ्यांच्या आसपास दुसराही त्यास येऊन मिळे.

अधिक शक्तीसाठी अनेक हौशी मालक ही जोडी काढून एकच मोठा टर्बोचार्जर बसवतात. त्याने कमाल शक्ती वाढते, पण लॅगही वाढतो. अशा गाडीत नायट्रस सोडल्यास ज्वलन ताबडतोब जोमदार होते, एक्झॉस्टमधील वायू व उष्णता वाढते आणि टर्बाइन लवकर वेग घेते. अपेक्षित दाब मिळाल्यावर नायट्रस बंद करून पुढील काम टर्बोचार्जरवर सोपवता येते. नायट्रस चालूच ठेवल्यास टर्बाइनकडे जाणारा वायू वाढतो. अशा वेळी वेस्टगेट झडप अपुरी पडल्यास दाब ठरवलेल्या मर्यादेपलीकडे चढू शकतो.

मात्रा आणि इंजिनाचा वेग

ठरावीक छिद्राच्या जेटमधून नायट्रसचा प्रवाह दर सेकंदाला जवळपास सारखाच असतो. इंजिनाची गती त्यास ठाऊक नसते. दोन रोटरांच्या इंजिनात मुख्य दंडाच्या प्रत्येक फेरीस दोन कक्ष भरले जातात. म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाने सेकंदाला १०० वेळा, तर ६,००० फेऱ्यांच्या वेगाने २०० वेळा कक्ष भरतो.

उदाहरणार्थ, प्रवाह सेकंदाला २० ग्रॅम असल्यास प्रत्येक भरणीत पहिल्या स्थितीत ०.२ ग्रॅम, तर दुसऱ्या स्थितीत ०.१ ग्रॅम नायट्रस जातो. वातावरणीय दाबाला ६५४ घन सेंमी कक्षात साधारण ०.७८ ग्रॅम हवा मावते, असे धरल्यास ३,००० फेऱ्यांना ऑक्सिजनमध्ये सुमारे ४० टक्के, तर ६,००० फेऱ्यांना सुमारे २० टक्के भर पडते. ज्या कमी वेगाला लॅग भरून काढायचा असतो, तेथेच प्रत्येक ज्वलनाच्या वाट्याला येणारी मात्रा सर्वांत मोठी असते. म्हणून वेगाची किमान व कमाल मर्यादा सांभाळणारा स्विच व प्रवाह हळूहळू वाढवणारा नियंत्रक वापरला जातो. थ्रॉटल पूर्ण उघडल्याशिवाय प्रणाली सुरू होणार नाही, अशी व्यवस्थाही केली जाते.

प्रणालीचे प्रकार

कोरड्या प्रणालीत अंतर्ग्रहण नळीत केवळ नायट्रस सोडला जातो व जादा इंधन गाडीच्या इंजेक्टरांमधून दिले जाते. त्यासाठी इंजेक्टरांची क्षमता पुरेशी असणे व नियंत्रण संगणकात तशी नोंद करणे आवश्यक असते. ओल्या प्रणालीत नायट्रस व इंधन एकाच तोटीतून फवारले जाते. ही तोटी इंटरकूलरच्या आधी बसवल्यास लांब नळ्यांत व इंटरकूलरमध्ये इंधन साचून तेथेच पेट घेण्याचा धोका असतो. त्यामुळे ती थ्रॉटलजवळ बसवतात. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक रोटरच्या अंतर्ग्रहण मार्गात स्वतंत्र तोटी असते व दोन्ही रोटरांना समान वाटप होते.

रोटरी इंजिनाच्या मर्यादा

रोटरी इंजिनात दट्ट्याऐवजी त्रिकोणी रोटर असतो. त्याच्या तिन्ही टोकांवरील खाचांत अ‍ॅपेक्स सील नावाच्या धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्या आवरणाच्या भिंतीवर घासत फिरतात व शेजारच्या दोन कक्षांना एकमेकांपासून वेगळे ठेवतात. १३बी-आरईडब्ल्यू इंजिनात या पट्ट्यांची जाडी २ मिमी असते.

या इंजिनाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे नॉकिंग होय. ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण एकदम पेटले, तर दाबाचे तीव्र धक्के बसतात. दट्ट्याचे इंजिन सौम्य नॉकिंग काही काळ सहन करू शकते. रोटरी इंजिनात मात्र अल्पकाळच्या तीव्र नॉकिंगनेही अ‍ॅपेक्स सील तुटू शकते. एक सील तुटताच तिच्या दोन्ही बाजूंच्या कक्षांतील संपीडन नाहीसे होते. तुकडा आवरणाच्या पृष्ठभागावर ओरखडे पाडतो व एक्झॉस्टमधून बाहेर पडताना टर्बाइनच्या पात्यांनाही इजा करू शकतो. अशा वेळी इंजिन उघडून बांधण्यावाचून पर्याय उरत नाही.

नायट्रसमुळे कक्षातील दाब व ज्वलनाचा वेग वाढतो. नायट्रस चालू असताना इंधन कमी पडल्यास, मग ते अशक्त पंपामुळे असो वा अडलेल्या गाळणीमुळे, मिश्रण विरळ होऊन नॉकिंगची शक्यता झपाट्याने वाढते. त्यामुळे मिश्रण मुद्दाम इंधनसमृद्ध ठेवतात, इंधनाचा दाब घसरताच नायट्रस बंद करणारा स्विच बसवतात व अधिक ऑक्टेनचे इंधन वापरतात. प्रत्येक रोटरला लीडिंग व ट्रेलिंग असे दोन स्पार्क प्लग असतात. नायट्रस सुरू असताना दोन्ही ठिणग्या उशिरा दिल्या जातात व उष्णता लवकर वाहून नेणारे प्लग वापरले जातात. सीलच्या वंगणासाठी कक्षात येणारे इंजिन ऑइलही इंधनाबरोबर जळते व मिश्रणाची नॉकिंगविरोधी क्षमता किंचित घटवते.

साठवण आणि सुरक्षितता

मोटारीतील टाकीचा दाब साधारण ६० ते ७० बार राखला जातो. नायट्रस ऑक्साईडचे क्रांतिक तापमान सुमारे ३६.४ अंश सेल्सिअस आहे. त्यापुढे तो द्रवरूपात राहत नाही व भरलेल्या टाकीतील दाब वेगाने वाढतो. एफडीच्या मागील काचेखाली उन्हात टाकी सहज तापत असल्याने सुरक्षा चकती व तिच्यातून सुटणारा वायू गाडीबाहेर नेणारी नळी महत्त्वाची ठरते. टाकी उघड्या ज्योतीने तापवणे अत्यंत धोकादायक आहे.

दाब कमी असल्यास प्रवाह घटतो व मिश्रण जास्त समृद्ध होते. तो जास्त असल्यास मिश्रण विरळ होते. म्हणून टाकीचे तापमान स्थिर ठेवणे इंजिनाच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक असते. सेकंदाला २० ग्रॅम या प्रवाहाने ४.५ किलोग्रॅमची टाकी पावणेचार मिनिटांत रिकामी होते.

पर्यावरण

नायट्रस ऑक्साईड हा हरितगृह वायू असून शंभर वर्षांच्या काळात त्याचा तापमानवाढीचा प्रभाव समान वजनाच्या कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७३ पट असतो. इंजिनात त्याचे विघटन होते. परंतु नळीतील बाष्प काढून टाकण्यासाठी शर्यतीपूर्वी हवेत सोडला जाणारा वायू विघटित न होताच वातावरणात मिसळतो.

लोकप्रिय संस्कृतीत

२००१ मधील द फास्ट अँड द फ्युरिअस या अमेरिकी चित्रपटात डॉमिनिक टोरेटो हे पात्र लाल रंगाची तिसऱ्या पिढीची आरएक्स-७ चालवते. या चित्रपटाने नायट्रसची कल्पना जगभरच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचवली.

हेही पाहा

वांकेल इंजिन
टर्बोचार्जर
नायट्रस ऑक्साईड
मझदा