धर्म बदलला, पण घर किती बदललं? मानववंशशास्त्रज्ञ हे कसं शोधतात?

१९५१च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या सुमारे अडीच हजार होती. १९६१मध्ये ती २७ लाखांवर गेली. कारण होतं १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात अनुयायांसह स्वीकारलेला बौद्ध धम्म. पण घरात काय बदललं, हे जनगणना सांगत नाही.

मग ते कसं कळतं?

मानववंशशास्त्रज्ञ लोकांमध्ये दीर्घकाळ राहतात. लोक काय सांगतात आणि प्रत्यक्षात कसं वागतात, दोन्ही टिपतात. काही वर्षांनी पुन्हा तिथेच जातात.

छत्रपती संभाजीनगरचं उदाहरण घ्या. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५०मध्ये इथे महाविद्यालय सुरू केलं, तेच आजचं मिलिंद. तिथे शिकलेल्या एखाद्या कुटुंबाच्या तीन पिढ्यांची वंशावळ मांडायची आणि लग्नपत्रिका शेजारी ठेवायच्या. पत्रिकेवर आता बुद्ध आणि बाबासाहेब दिसतात, लग्नं बौद्ध पद्धतीने लागतात. सोयरीक मात्र बहुतेक वेळा पूर्वीच्याच जातीत जुळते.

ही मर्यादा कोणी घातली, घरच्यांनी की बाहेरच्या समाजाने? खरा अभ्यास इथून सुरू होतो. कारण काय बदललं याइतकंच काय बदलू दिलं गेलं नाही, हेही नोंदवावं लागतं.

तुमच्या घरातल्या जुन्या पत्रिका काढून बघा. तुम्हाला काय दिसतं?