सुकाणू हलके का होते?

१९५९ साली इंग्लंडमध्ये ‘मिनी’ ही छोटी मोटार विक्रीस आली. तिचे एंजिन पुढे, आडवे बसविलेले असून त्याची शक्ती पुढील चाकांनाच मिळत असे. अशा मोटारीत ओढणे व वळविणे ही दोन्ही कामे त्याच चाकांवर पडतात. एका कामी पकड अधिक खर्ची पडली की दुसऱ्यासाठी ती कमी उरते.

वळणावर टायरवरील आडवे बल स्पर्शक्षेत्राच्या मध्याच्या किंचित मागे कार्य करते. त्यामुळे चाक सरळ होऊ पाहते व सुकाणू हाताला जड लागते. पकड सुटू लागली की हे अंतर घटते आणि सुकाणू हलके होते. हे हलकेपण सोयीचे नव्हे, धोक्याचे लक्षण होय.

दोष शोधताना प्रथम टायर थंड असता हवेचा दाब मोजावा. तो फाजील असल्यास रस्त्याशी होणारा स्पर्श आक्रसतो. केवळ ओल्या रस्त्यावर पकड सुटत असेल, तर खाचांची खोली पाहावी, ती १.६ मिलिमीटरहून कमी असल्यास टायर बदलावा. खाचा शाबूत असूनही जुने रबर कठीण झालेले असते. टायरच्या बाजूवरील चार अंक त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. हे सर्व निर्दोष आढळल्यावरच चाकांच्या कोनांची तपासणी करवून घ्यावी.