वर्गातली शिस्त (भाग ५) : गोंधळ सुरू होण्याआधी

शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली, हे मागच्या भागात पाहिले. त्यावर शिक्षकांचा नेहमीचा सवाल असतो : छडी काढून घेतलीत, मग हातात दिलेत काय?

सवाल रास्त आहे. जेकब कौनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या पुस्तकात त्याचे बरेचसे उत्तर सापडते. शिकवताना एक विद्यार्थी खुशाल वर्तमानपत्र वाचत बसलेला पाहून कौनिन त्याच्यावर रागावले, तर ज्यांचा काहीच दोष नव्हता तेही सावरून बसले. रागावण्याचे हे असर मोजायचे म्हणून पुढे त्यांनी शाळांतल्या वर्गांचे चित्रीकरण केले. निघाले भलतेच. ज्यांचा वर्ग सुरळीत चालतो आणि ज्यांचा चालत नाही, त्या शिक्षकांच्या रागावण्यात सांगण्यासारखा फरक नव्हता. फरक होता तो त्याआधीच्या वागण्यात.

मागच्या बाकावर काय चालले आहे ते बाईंना फळ्याकडे तोंड असतानाही कळते, अशी मुलांची खात्री असावी लागते. ही खात्री मोडते ती चुकीचा मुलगा पकडल्यावर. टपली मारतो एक, वळून बघतो दुसरा आणि उभा राहतो तो वळणारा. मुले हा अन्याय विसरत नाहीत. शिवाय खरा चोर सरांना सापडत नाही, हे तेवढ्यात साऱ्या वर्गाला समजते.

पण सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो एक काम संपून दुसरे सुरू होताना. गणिताच्या वह्या उघडल्या, पहिले उदाहरण फळ्यावर आले आणि सरांना आठवले, ‘अरे, काल शुद्धलेखन कोणी दाखवले नाही?’ झाले, अर्धा वर्ग दप्तरात डोके घालतो. किंवा एकेकाला पुढे बोलावून वही ठेवायला लावतात. चाळीस मुलांच्या वर्गात एकजण चालतो आणि एकोणचाळीस रिकामे बसतात. रिकामी मुले काय करणार? बाकाबाकावरून वह्या पुढे सरकवल्या तर हेच काम झटक्यात होते. एकाच्या चुकीवर पाच मिनिटे व्याख्यान देणे हाही त्यातलाच प्रकार. तास बुडतो तो त्या मुलामुळे नव्हे, व्याख्यानामुळे.

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ने शांतता मिळते, नाही असे नाही. मात्र घडी घातलेल्या हातांनी गणित सोडवता येत नाही, आणि घडी सुटली की आवाज परत येतो.

वर्ग मोठा असेल तर हे कसे जमायचे, असे कोणी म्हणेल. पटसंख्या कमी व्हायलाच हवी. कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. पण मुले जितकी जास्त, तितका हा मधला वेळ महाग पडतो, म्हणून मोठ्या वर्गाला या गोष्टींची गरज अधिकच.

पुढच्या भागात मॉनिटरविषयी आणि फळ्यावर नावे लिहिण्याच्या प्रथेविषयी. तोवर शिक्षक वाचकांना एक विनंती : या आठवड्यात ‘शांत बसा’ म्हणावे लागेल तेव्हा त्याच्या आधीच्या मिनिटात मुलांच्या हाती काय काम होते, तेवढे टिपून ठेवा.